खांबाखालची बॅटरी

जानकीबाईला तिच्याच मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाने फसवलं. ही ओळ मी सगळ्यात आधी लिहितो, कारण लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत. अध्यक्षाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की त्याचा वकील दुकानात येईल, आणि वकिलाशी घासाघीस करता येत नाही. अंधेरीच्या पश्चिम टोकाला खाडीच्या तोंडावर एक कोळीवाडा आहे, त्याच्या धक्क्यावर जा. तिथे छातीइतक्या उंचीचे निळे खांब ओळीने उभे दिसतील. कुठल्याही खांबाचं झाकण उचला. आत प्लगपॉइंट आहेत, चांगल्या प्रतीचे आहेत, आणि त्यांच्या भोकांत कुंभारीण माशीने मातीची घरं केली आहेत. एवढं बघून या, मग जानकीबाई कोण होती ते ऐका.

माझं मरोळला बॅटऱ्यांचं दुकान आहे, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. वाशीमकडच्या एका खेड्यातून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजात बॅटऱ्या उचलायचो. ॲसिडने माझ्या एकाही पँटचा गुडघा शाबूत राहिला नव्हता. आज दुकान माझं आहे, पाटीवर नाव माझं आहे, आणि ते मला कोणी दान दिलेलं नाही. म्हणून कोणी माझ्या मालाला नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. अशा दुकानात एका सकाळी आधी वास आला आणि मग जानकीबाई आली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, काटक. लुगडं कोळणीचं, गुडघ्यापर्यंत गच्च नेसलेलं. डोक्यावर मासळीची पाटी आणि पाटीत गोणपाटावर ठेवलेली बोटीची बॅटरी. ती बॅटरी मी दोन्ही हातांनी उचलतो आणि खाली ठेवल्यावर कंबर चोळतो. ही बाई ती डोक्यावर घेऊन आली होती, कारण वास येतो म्हणून रिक्षावाले घेईनात आणि ॲसिड सांडेल म्हणून कंडक्टर घेईना.

पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “बघ सेठ. मेली का जिती हाय?”

बॅटरी मेली होती. आतल्या प्लेटा बसल्या होत्या. मी नवी काढून समोर ठेवली. तिने ती हाताने दाबून बघितली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, “टोपणं काढ. कल्ले बघू दे.” मासळी घेताना जसं करतात तसंच. मी हसत होतो. तिने आत डोकावलं, मान वर केली आणि जाहीर केलं की ही शिळी आहे. मी भडकलो. बॅटरी म्हणजे बांगडा नव्हे, असं काहीसं बोललो, जरा मोठ्यानेच बोललो. आता खरं सांगायचं तर ती बॅटरी सबंध पावसाळा फळीवर पडून होती. तिला ते कसं कळलं, हे मी पुढे ओळख झाल्यावर विचारलं. म्हणाली, “तू ती पुसून आणलीस ना. ताजी मासळी कोण पुसतं?”

भाव काही जमेना. मी उतरेना, ती चढेना. शेवटी मेलेली बॅटरी तिथेच टाकून तिने रिकामी पाटी उचलली आणि निघून गेली. मी हाक मारली नाही. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की हाक मारायची नाही, हा माझा नियम आहे. थोड्या वेळाने ती परत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चुंबळ राहिली माझी.” खरंच, डोक्यावर पाटीखाली ठेवायची ती कापडाची चुंबळ माझ्या काउंटरवर पडलेली होती. आता आलीच आहे तर बस म्हटलं, चहा सांगितला, आणि चहाबरोबर सौदा झाला. तिच्याच भावात झाला.

पुढे कळलं की ती चुंबळ सगळीकडे राहते. जाळंवाल्याकडे, बर्फवाल्याकडे, डिझेलच्या पंपावर. सौदा तुटेल असं वाटलं की जानकीबाई चुंबळ विसरून उठायची, म्हणजे मान खाली न घालता परत येता यायचं. मी तिला एकदा म्हटलंही की मावशी, ही लबाडी आहे. ती म्हणाली, “लबाडी कसली रं? दार उघडं ठेवून जाते मी. तू लावून घेतोस, म्हणून तुझी भांडणं मिटत नाय.”

तिचा नवरा वारल्यावर बोट तिच्या नावावर झाली होती. एकवीरा असं नाव. बाई बोट चालवणार म्हटल्यावर कोळीवाड्यात बऱ्याच जणांनी विकत घ्यायची तयारी दाखवली. तिने विकली नाही. नवऱ्याचा धाकटा भाऊ हरी तांडेल म्हणून बोट समुद्रात न्यायचा, आणि किनाऱ्यावरचं सगळं, म्हणजे खलाशी, डिझेल, बर्फ, जाळी आणि विक्री, जानकीबाई बघायची. दुसऱ्यांची मासळी घेऊन विकणाऱ्या बायका पहाटे धक्क्यावर लिलावाला उभ्या राहतात. ही लिलाव करायला उभी राहायची. तिच्या लेखी सगळा फरक तेवढाच होता. ती म्हणायची, “बोट हाय तवर मी नाखवीण. बोट गेली का मी पण त्या रांगेत.”

धक्का लहान आणि बोटी फार, त्यामुळे बोटी खाडीच्या मधोमध नांगरून ठेवतात. तिथे वीज कुठून येणार? बोट समुद्रात असते तोवर चालत्या इंजिनावर बॅटरी भरत राहते. खरी पंचाईत बोट उभी असताना. दिवा त्याच बॅटरीवर, वायरलेस त्याच बॅटरीवर, तळातलं पाणी उपसायचा पंप त्याच बॅटरीवर, खलाशांचे मोबाइल आणि त्यांची गाणीही त्याच बॅटरीवर. चार दिवस बोट उभी राहिली की बॅटरी बसली. मग लहान होडीतून ती किनाऱ्यावर आणायची, ओहोटी असली तर चिखलातून, आणि माझ्यासारख्याच्या दुकानात चार्जिंगला लावायची.

यात जानकीबाईचं एक स्वतःचं शास्त्र होतं, आणि ते साफ चुकीचं होतं. तिच्या मते बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय भरू नये. मी तिला कितीदा तरी समजावलं की ही बॅटरी रिकामी ठेवली की आत प्लेटांवर पांढरा थर धरतो, मग ती भरून घेत नाही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “भूक लागल्याबिगर जेवायला घातलं तर पोट बिघडतं. माणसाचं पण नि हिचं पण.” या एका गोष्टीवरून आमची जितकी भांडणं झाली तितकी भावावरून झाली नाहीत. हरीला माझं पटायचं, पण वहिनीसमोर तो बोलायचा नाही.

मग मी तिला सौर पॅनल दिलं. केबिनच्या टपावर बसवून दिलं, स्वतः होडीतून जाऊन. पाण्याला मी भितो, तरी गेलो. म्हटलं आता बोट उभी असतानाही बॅटरी आपोआप भरत राहील, किनाऱ्यावर आणायला नको. महिन्याभरात तक्रार आली की पॅनल चालत नाही. मी पुन्हा होडीत बसलो. जाऊन बघतो तर पॅनलवर बोंबील वाळत घातलेले. ओळीने, शिस्तीत, एकही इंच मोकळा नाही. माझं डोकं उठलं. मी तिथूनच मोबाइलवर ओरडलो. ती धक्क्यावर उभी, मला दिसत होती. तिचं म्हणणं असं की काच छान तापते, बोंबील लवकर वाळतो, माशा बसत नाहीत. मी म्हटलं, मावशी, ते ऊन बॅटरीसाठी आहे. फोनवर तिचा आवाज अगदी समजूतदार होता. “ऊन काय तुझ्या दुकानातून आलंय का? फुकट पडतंय. दोघांनी वाटून घ्यायचं.”

सांगायचं हे की हा त्रास सगळ्या कोळीवाड्याचा होता, आणि अध्यक्षाने नेमका तोच हेरला. त्याने धक्क्यावर ते निळे खांब उभे केले. बोट भरतीला धक्क्याला लावायची, खांबाला वायर जोडायची, बॅटरी भरून घ्यायची आणि पुन्हा जागेवर जायचं. कल्पना चांगली होती. ती कोणाची होती मला माहीत नाही, पण फलकावर त्याची होती. उद्घाटनाला मंडप घातला, बँड आला. मी गेलो नव्हतो, मला कोणी बोलावलं नव्हतं. खांब आले की कोळीवाड्याचं चार्जिंगचं गिऱ्हाईक तुटणार, म्हणून मी मनातून कावलेलाच होतो. पहिली बॅटरी जानकीबाईची लावायची असं ठरलं, कारण बोटीची मालकीण बाई म्हटल्यावर फोटो चांगला येतो. तिने बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, अध्यक्षाने बटण दाबलं आणि चार्जरचा काटा चढला.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम मरोळला आली, हातात पेढे. पाटी नव्हती, बॅटरी नव्हती, नुसतं सांगायला आली होती. तो काटा कसा चढला हे तिने मला बोट वर करून दाखवलं, हळूहळू. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, आता मला कशाला विचाराल तुम्ही. ती म्हणाली, “बॅटरी तुझीच घेईन रं. नुसती भरून तिकडं घेईन. रडतोस काय?”

आणि त्या आनंदात तिने त्याच आठवड्यात इंजिन बदललं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. एकवीरेचं जुनं इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. बॅटरी पार मेली तरी दोघा खलाशांनी हँडल फिरवलं की इंजिन उठायचं. नवं इंजिन ताकदवान, डिझेल कमी खाणारं, पण त्याला हँडल नाही. त्याला सेल्फ. म्हणजे बॅटरी जिवंत असेल तरच ते उठणार. असं इंजिन घ्यायचं की नाही यावर तिने आणि हरीने दोन वर्षं विचार केला होता आणि बॅटरीच्या भीतीनेच घेतलं नव्हतं. आता धक्क्यावर वीज आली म्हटल्यावर भीती कसली? जुनं इंजिन बदल्यात गेलं. ते लोखंडी हँडल मात्र तिने दिलं नाही. नवऱ्याच्या हाताचं म्हणून घरी देव्हाऱ्याखाली ठेवलं.

उद्घाटनानंतर खांबात वीज आली नाही. अध्यक्ष म्हणाला, मीटर येतोय. गणपती झाले, मीटर येतोय. दिवाळी झाली, मीटर निघालाय. मी तिच्याबरोबर कचेऱ्यांत गेलो, कारण ओरडायला माणूस लागतो. एका कचेरीने सांगितलं, धक्का आमचा नाही. दुसरीने सांगितलं, धक्का आमचा पण खांब सोसायटीचे. वीजवाल्यांनी सांगितलं, पहिल्या कचेरीची परवानगी आणा. पहिल्या कचेरीने सांगितलं, धक्का आमचाच नाही तर परवानगी कशी देऊ. मी दुकानात ज्या आवाजाने माणसं नरम करतो तो आवाज तिथे लावून बघितला. टेबलामागचा माणूस माझं संपेपर्यंत थांबला आणि त्याने पुढच्याला बोलावलं. जानकीबाईने तिथेही चुंबळ ठेवून बघितली. शिपाई मागून धावत आला आणि तिच्या हातात देऊन गेला.

आणि मग एक दिवस अंधेरीचा एक मंडपवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला. त्याच्या जनरेटरची बॅटरी माझ्याकडची. आता जनरेटर उठत नाही, तुझा माल खराब आहे, असं त्याचं म्हणणं. मी नेहमीप्रमाणे चढलो. तो म्हणाला, अरे, कोळीवाड्याच्या धक्क्याच्या उद्घाटनाला बर्फाच्या कारखान्यामागे लावला होता तेव्हा एका सेल्फमध्ये उठला होता, आता काय झालं? मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने सरळ सांगितलं. सोसायटीच्या माणसाने बोलावलं होतं. मागच्या बाजूला लाव, पुढून दिसता कामा नये, वायर जमिनीखालून घे, असं सांगितलं होतं. कार्यक्रम संपला, तो जनरेटर घेऊन घरी गेला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. लग्नातही असंच करतात.

मी त्याच दिवशी कोळीवाड्यात गेलो. जानकीबाई ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. मी सांगितलं. तिने सुई थांबवली नाही. म्हणाली, “काटा माझ्यासमोर चढला.”

“काटा खरा होता, मावशी. वीज भाड्याची होती.”

तिने मला खुळ्यात काढलं. मंडपवाल्याशी माझं भांडण असेल म्हणाली, आणि तसं माझं कोणाशी नसतं म्हणा. पण मी निघालो तेव्हा तिची सुई थांबलेली होती आणि ती धक्क्याकडे बघत होती.

मग मेअखेरीचं ते वादळ. वादळ येणार हे चार दिवस आधी कळलं होतं. सगळ्या बोटी समुद्रातून परत येऊन खाडीत उभ्या होत्या. पाणी इतकं खवळलेलं की लहान होडी घालायची सोय नाही, म्हणजे बॅटरी किनाऱ्यावर आणायची सोय नाही. आभाळ काळं, पॅनलला ऊन नाही. पाऊस आत येत होता, म्हणून पंप चालू. वादळाच्या सूचना ऐकायच्या म्हणून वायरलेस चालू. हरी आणि एक खलाशी बोटीवर राखणीला होते. दुपारी सूचना आली की वारा फिरतोय, बोटी खाडीत आणखी आत न्या. एकेक इंजिन सुरू झालं, एकेक बोट आत गेली. एकवीरेवर हरीने सेल्फ मारला. टक असा आवाज आला आणि थांबला.

मला तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, “भरलेली घेऊन ये.” घासाघीस नाही, शिवी नाही. मी टेम्पोत बॅटरी टाकली. मरोळहून निघालो, रस्त्यावर झाडं पडलेली. मी टेम्पोवाल्याला शिव्या देत होतो आणि तो मला. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट डोळ्यांसमोर होती. हरी केबिनजवळ उभा दिसत होता, त्याच्या अंगातल्या सदऱ्याचा पिवळा रंगसुद्धा दिसत होता. मी हाक मारली असती आणि वारा नसता तर त्याला ऐकू गेली असती. पण होडी घालायला कोणी तयार होईना. मी एकेकाला विनवलं. मग ओरडलो. मग खिशात होतं नव्हतं ते काढून दाखवलं. एका म्हाताऱ्या नाखव्याने माझा हात खाली केला आणि म्हणाला, सेठ, पैशाची गोष्ट नाय ही.

बॅटरी मी खाली ठेवली. ठेवल्यावर लक्षात आलं की ती नेमकी एका निळ्या खांबाच्या बुडाशी ठेवली आहे. पूर्ण भरलेली होती. टोपणं उघडून बघितली असती तर कल्ले लालभडक, असं ती म्हणाली असती. जानकीबाई माझ्या शेजारी उभी होती, पदर डोक्यावर घट्ट धरून. ती एकदाच बोलली. म्हणाली, “हँडल घरी हाय.” ते हँडल त्या इंजिनाला लागत नव्हतं हे तिलाही माहीत होतं.

आत निघालेली एक बोट वळून आली आणि तिने दोर फेकला. तो लागला, ताणला गेला आणि तुटला. दुसऱ्या वेळी त्यांनी बोटीसाठी नाही, माणसांसाठी दोर फेकला. हरी आणि खलाशी सुटले. नंतर एकवीरेचा नांगर घसरला. ती आडवी झाली आणि धक्क्याच्या टोकाच्या खडकांवर आली, आमच्या दिशेने, जणू धक्क्याला लागायला येते आहे तशी. पहिल्या आपटण्याला काही झालं नाही. मग झालं. आम्ही सगळे बघत होतो. एवढे हात होते तिथे.

पाऊस सरायच्या आत अध्यक्षाने सांगायला सुरुवात केली की बोट बॅटरीमुळे गेली. मरोळचा कोणी दुकानदार आहे, डुप्लिकेट माल देतो. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी काउंटर सोडून धावलो. सोसायटीच्या कचेरीत सभा चालू होती. मी दारातूनच तोंड सोडलं, दोघांनी मला धरलं. बाहेर काढतच होते. तेवढ्यात जानकीबाई उठली. ती अध्यक्षाला त्याच्या लहानपणापासून ओळखत होती, त्याला अरेतुरेच करायची.

“बॅटरी ताजी होती,” ती म्हणाली. “शिळा माल मी उभ्या जन्मात घेतला नाय. एकदाच घेतला, तुझा शब्द.” मग तिने सगळ्यांसमोर विचारलं, “त्या दिवशी काटा चढला, ती वीज कुठनं आणलीस?”

अध्यक्ष हसला. म्हणाला, काकी, तुम्ही दुःखात आहात, आपण नंतर बोलू. मीटरचं काम अगदी शेवटच्या टप्प्यात आहे. सभेत बरेच जण होते. बऱ्याच जणांना सोसायटीकडून डिझेल मिळतं. सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. जानकीबाई निघाली. जाताना तिने चुंबळ अध्यक्षाच्या टेबलावर ठेवली. या वेळी विसरली नाही, सगळ्यांच्या देखत ठेवली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मावशी, चुंबळ. ती म्हणाली, “राहू दे. यायचंय मना परत.”

पण परत यायला पाय लागतात. तिचे गुडघे त्या पावसाळ्यातच गेले. काही दिवस ती लिलावाच्या रांगेत उभी राहिली, दुसऱ्यांची मासळी घेणाऱ्या बायकांत. मी एकदा पहाटे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने निघून गेलो. मग मुलुंडला दिलेली लेक येऊन तिला घेऊन गेली. हरी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला, तांडेल होता तो.

मुलुंडला मी तिला भेटायला गेलो होतो. मोठी सोसायटी, नवव्या मजल्यावर घर, खिडकीतून डोंगर दिसतो. जावई चांगला आहे. तिने मला चहा दिला आणि म्हणाली, चल, तुला एक दाखवते. लिफ्टने मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेली. हळूहळू चालत होती, माझ्या दंडाला धरून. तिथे प्रत्येक खांबाला एक डबा होता, झाकणाचा, आत प्लगपॉइंट. विजेवर चालणाऱ्या गाड्या भरायला. काही खांबांखाली गाडी उभी, बरेचसे रिकामे.

तिने एक झाकण उचललं. “बघ. खरी हाय का मागं जनरेटर लावलाय?”

माझ्या खिशात टेस्टर असतोच. मी लावला. टेस्टरमधला दिवा लागला. ती वाकून त्या दिव्याकडे बघत राहिली.

“ही गाडी दिवसभर काय करते इथं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, उभी असते.

“उभी असते,” ती म्हणाली. “माझी पण उभीच होती.” मग म्हणाली, “पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावला. तिने बघितलं, झाकण बंद केलं, नीट खालपर्यंत दाबून बंद केलं, आणि आम्ही वर गेलो. माझ्यासारख्या माणसाला काहीतरी बोलता यायला हवं होतं. माझं सगळं आयुष्य बोलण्यावर चाललं आहे. भाव पाडायला, माणूस वळवायला, वेळ पडली तर घाबरवायला मला शब्द कमी पडत नाहीत. त्या लिफ्टमध्ये नऊ मजले मी आकडे बदलताना बघत होतो.

थंडीत ती गेली. झोपेत गेली असं लेक फोनवर म्हणाली. कोळीवाड्यातच आणलं. मी गेलो. धक्क्यावर पोचलो आणि बघितलं तर निळ्या खांबावर मोठा फलक बांधलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर जानकीबाईचा फोटो, तोच, उद्घाटनाचा, हळदकुंकवाची कोयरी हातात घेतलेला. बॅटरी कापून टाकलेली. खाली हात जोडलेला अध्यक्ष, तिच्यापेक्षा मोठा. फलकाच्या दोऱ्या खांबाच्या झाकणातून ओवून घेतलेल्या होत्या. त्या झाकणाचा तेवढाच उपयोग झाला. मी दोरी तोडायला हात घातला आणि हरीने मला अडवलं. म्हणाला, आज नको, तिचं तोंड हाय त्याच्यावर.

म्हणून त्या दिवशी मी काही केलं नाही. आज लिहितो आहे.

अध्यक्ष, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुम्हाला वाचून दाखवणारे बरेच आहेत. माझ्या बॅटरीला नावं ठेवलीत त्याचा हिशेब मी माझ्या पद्धतीने करीन, ते सोडा. जानकीबाईने सभेत एक प्रश्न विचारला होता, त्याला तुम्ही नंतर बोलू म्हणालात. ते नंतर आता आलं आहे. तिची चुंबळ तुमच्या टेबलावर राहिली आहे. फेकून दिली असली तरी राहिलीच आहे. ती न्यायला मी येणार, आणि मी हाक न मारता येतो. त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यामागे जनरेटर कोणी लावायला सांगितला? पुढून दिसता कामा नये, हे कोण म्हणालं? आणि ती बाई तुमच्या खांबाच्या भरवशावर इंजिन बदलते आहे हे सगळ्या कोळीवाड्याला माहीत असताना, नको बदलू, आत वीज नाही, एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून का निघालं नाही? सभा भरवा. सगळ्यांना बोलवा. त्याच खांबाखाली उभे राहा आणि उत्तर द्या.